नेरच्या भिंतीवरचा नकाशा

आम्ही जुने पेंटर भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "तो भिंतीचा किस्सा सांग ना!" मग मलाच विचारावं लागतं, कोणता? त्या एका भिंतीचे इतके किस्से साठलेत की आता ते एकमेकांत मिसळायला लागलेत. पक्के आठवतात तेवढे सांगतो.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. नेरला मी रहीमभाईंच्या दुकानात पाट्या रंगवायचो. कापूस बाजाराची लांब भिंत रंगवायचं काम आलं. रहीमभाईंनी तिच्यावर आसपासच्या मुलखाचा नकाशा काढला. नद्या, रस्ते, टेकड्या, सगळं. गाव मात्र एकही नाही! खाली लिहिलं, 'आपलं गाव आपण काढा.' शेजारी रंगाचे डबे, ब्रश.

मी म्हटलं, "भाई, लोक भिंत खराब करतील."

"करू दे. भिंत त्यायचीच आहे."

*

दोन दिवस कोणी हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी गाडी थांबवून आला. ब्रश धरला तर तो बोटांतून दोनदा निसटला. "वखर धरतो तं काही होत नाही. हे लय हलकं आहे बाप्पा!" शेवटी ब्रश ठेवून त्यानं बोट बुडवलं आणि टिंब उमटवलं. मग मागे उभं राहून बघणारे सगळे पुढे आले.

*

एकदा शेजारशेजारच्या गावांतले दोघं एकाच वेळी आले. एकानं टिंब काढलं, दुसऱ्यानं त्याहून मोठं काढलं. पहिल्यानं आपलं आणखी वाढवलं. असं करता करता दोन्ही टिंबं एकमेकांना भिडली.

रहीमभाई म्हणाले, "आता भांडता कायले? एकच गाव झालं!"

दोघंही हसले. पण घरी गेले वेगवेगळ्या वाटांनी.

*

एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्यानं विचारलं, "पोड काढलं तं चालते काय?" पोड म्हणजे त्यांची डोंगरातली वस्ती.

"काहून नाही चालत?" रहीमभाई म्हणाले.

म्हाताऱ्यानं टिंब काढलं आणि मला नाव लिहायला लावलं. मग म्हणाला, "वाच." मी वाचलं. "आणखी वाच." चार वेळा वाचून घेतलं त्यानं. म्हणाला, "आमचं नाव कोणी वाचून नव्हतं दाखवलं आजलोक."

*

एका बाजाराच्या दिवशी एक बाई आली. तिनं गाव काढलंच नाही. निळ्या नदीवर, या काठापासून त्या काठापर्यंत, काळी रेघ ओढली.

"हे काय माय?" रहीमभाईंनी विचारलं.

"पूल."

"तिथं पूल नाही ना."

"माहीत आहे मले. पोरगी बाळंतपणात अडली, तवा तिले खाटेवर घेऊन याच काठाले उभे होतो आम्ही. पूर उतरला तवर पोरगी गेलती."

रहीमभाईंनी रेघ तशीच राहू दिली.

महिनाभरानं रस्त्यांच्या कामावरचे एक इंजिनियर साहेब नकाशा पाहायला आले. कौतुक केलं, आणि नदीपाशी थांबले. "इथं पूल नाहीच. चूक आहे, मिटवा ही."

मी चुन्याचा डबा उचलला. रहीमभाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्या बाईचं सगळं बोलणं साहेबांना सांगितलं. मग डबा त्यांच्यापुढे ठेवला. "साहेब, तुम्हीच मिटवा. माह्याच्यानं होत नाही."

साहेबांनी ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, रेघेखाली चार खांब काढले आणि जीपमध्ये जाऊन बसले.