नर्मदेचं पाणी आणि खाणीचे दगड
ओल्या गंजाचा वास आला की मला जबलपूरची आमची लॅब आठवते. काचेच्या जाड नळ्यांमध्ये खाणीतल्या काळ्या दगडांचा चुरा भरलेला असे. त्यात गंधकाची पिवळी चमक नुसत्या डोळ्यांनाही दिसायची. त्यावर रोज डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि खाली झिरपलेल्या पाण्यात निळा लिटमस बुडवायचा. तो लाल झाला तर दगड आम्ल सोडतात, म्हणजे त्यांचे ढीग नाल्याकाठी टाकू द्यायचे नाहीत. नाला पुढे नर्मदेलाच मिळायचा. पण कित्येक आठवडे कागद निळाच राहिला. "काहून आंबट होऊन नाही राहिलं हे?" लॅबच्या प्रमुख मॅडम मला विचारायच्या. दगड निर्धोक आहेत, अशा रिपोर्टवर त्या सही करणार त्या दिवशी, नळ्यांत पाणी घालणारे म्हातारे भैयाजी सहज बोलून गेले, "डिस्टिल वाला तो कब का खतम है. मैं घाट से मैया का जल लाता हूँ. उससे शुद्ध क्या होगा?" नर्मदेच्या पाण्यातला चुना सगळं आम्ल मारत होता. मॅडमनी नळ्या नव्याने भरायला लावल्या, आणि महिन्याभरात कागद लाल झाला. भैयाजींनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. "मतलब इतने दिन ये सारा तेज़ाब मैया पी रही थी," ते म्हणाले. माझ्या देवघरात आजही नर्मदेच्या पाण्याची बाटली आहे. त्यात लिटमस बुडवून पाहावा असं कधीकधी मनात येतं. मी बुडवत नाही.