जीवाणूच्या पोटातली रेघ

नव्या रायपुरातल्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथली पोरं जीवाणूची आकृती मोबाइलवरून छापून आणतात आणि वहीत चिकटवतात. मी ती वही तशीच परत करते. हातानं काढा म्हणते, वर दोन शब्द सुनावते. माझी स्वतःची वही माझ्या बाबांनी काढली होती, हे मात्र मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

माझा हात चित्रकलेत अगदीच भिकार. वर्तुळ काढायला जावं तर बटाटा व्हायचा. बाबा रायपुरातच गुढियारीजवळच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. मालावर लावायच्या चिठ्ठ्या लिहून लिहून त्यांचं अक्षर असं वळणदार झालं होतं की आमच्या रेल्वे क्वार्टरांतल्या प्रत्येक मुलाच्या वहीवर नाव त्यांनीच घालायचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी प्रॅक्टिकलची वही त्यांच्यापुढे सरकवली, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. ड्यूटीवरून आल्या आल्या चहासुद्धा न घेता ते पेन्सिलींना टोक करत बसले.

मी वाचायची, ते काढायचे. पण मुकाट्यानं काढतील तर ते बाबा कसले. प्रत्येक भागाचं काम सांगितल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नसे. बाहेरची भिंत कशाला? पाणी आत शिरून पेशी फुटू नये म्हणून. तिच्या आतलं पातळ पटल? काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं ते ठरवायला. "म्हणजे गेटवरचा बाबू," ते खूश होऊन म्हणाले. मग बारीक केस, ज्यांनी जीवाणू चिकटून बसतो. शेपटी, जिनं तो पोहतो. आतले ठिपके म्हणजे रायबोसोम, तिथं प्रथिनं तयार होतात. शेपटी त्यांनी तीनदा खोडली, लाटा सारख्या आल्या नाहीत म्हणून. आई जेवायला हाका मारून थकायची आणि आम्ही दोघं वहीवर डोकं टेकवून बसलेले. तशा संध्याकाळी पुन्हा आल्या नाहीत.

डीएनएपाशी मात्र गाडी अडली. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात असतो, त्याभोवती वेगळं पटल असतं. जीवाणूला केंद्रकच नाही. त्याचा डीएनए दोऱ्याच्या गुंत्यासारखा तसाच पडलेला.

"इतका किमती माल उघड्यावर काहून ठेवते तो?" बाबांनी विचारलं.

"तसंच असते त्याचं, बाबा."

"ना खोली, ना कुलूप?"

"नाही म्हटलं ना. काढा तुम्ही."

काढलं त्यांनी. सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात, पोट्टी घाईत काहीतरी विसरली असं समजून, त्यांनी त्या गुंत्याभोवती एक सुरेख गोल रेघ ओढून दिली. मी न बघताच वही जमा केली.

परीक्षेच्या दिवशी अर्धी रजा टाकून ते मला सोडायला आले आणि प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिले. वही दुसऱ्यानं काढलेली निघाली तर प्रॅक्टिकल रद्द, म्हणजे वर्षच गेलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाहेरगावचे परीक्षक कौतुकानं पानं उलटत होते. जीवाणूच्या पानावर थांबले आणि त्यांनी त्या गोल रेघेवर बोट ठेवलं.

"बॅक्टीरिया में न्यूक्लियस? इतना भी नहीं आता?"

चूक झाली सर, एवढंच म्हणायचं होतं. फार तर दोन मार्क गेले असते. पण मला काही येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं.

"मुझे आता है सर. ये मेरे बाबा ने बनाया है. उनको नहीं समझता."

बोलून गेले आणि मग दाराकडे पाहिलं. बाबा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होते.

परीक्षकांनी वही मिटली, दाराकडे एकदा बघितलं आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. आता स्वतः काढ, म्हणाले. मी माझा बटाटा काढला. पण एकूण एक भाग दाखवला आणि प्रत्येकाचं काम लिहिलं. लिहिता लिहिता कळलं, हे मी पाठ केलेलंच नव्हतं. बाबांनी विचारून विचारून ते माझ्या डोक्यात बसवलं होतं. कागद वाचून परीक्षकांनी मला जायला सांगितलं.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी माफीची जुळवाजुळव करत होते. त्याआधी तेच म्हणाले, "मले खरंच वाटलं तू विसरली." त्या क्षणाइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि तरीही जुळवलेली माफी मी मागितली नाही.

मी पास झाले. बाबांनी सदर बाजारातून पेढे आणले आणि मला मालधक्क्यावर घेऊन गेले. हमाल, बाबू, साहेब, सगळ्यांसमोर त्यांनी कॉलेजातून परत मिळालेली वही उघडून धरली. ती गोल रेघ त्यांनी खोडून टाकली होती.

"पाहा, साऱ्या आकृत्या माझ्या पोरीनं काढल्या," ते सांगत होते. "मले काय समजते याच्यातलं."

सगळे मला शाब्बास म्हणाले. मी पेढ्यांचा डबा पुढे करत राहिले आणि ती शाब्बासकी घेतली.