सुभेदाराच्या आठशेची शिट्टी

पाटणात कोयनेच्या रस्त्याला सिकंदर मुलाणीचं गॅरेज आहे. तिथं गाडी आली की आधी गाडीवाल्याला गप बसवलं जायचं. "तुमी थांबा जरा. तिला बोलू द्या," म्हणत सिकंदर लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर उचलायचा, टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "तिसरं बेरिंग." आणि खोलल्यावर तिसरंच निघायचं. चिपळूणकडचे ट्रकवालेसुद्धा म्हणायचे, खर्च करायच्या आधी सिकंदरभाईचा कान लावून घ्या.

गेल्या वर्षभरात मात्र बारीक आवाज त्या कानातून एकेक करून उठून गेले होते. आधी मोबाईलची पिकपिक, मग पाखरं, मग पट्ट्याचं किरकिरणं. जाड आवाज जागेवर होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. बायको सलिमालाही नाही. जिथं पूर्वी ऐकून भागायचं तिथं तो आता "खोलून बघतो" म्हणायचा. कान गेलेल्या फिटरला लोक काय म्हणतील, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

अशात ज्ञानू सुभेदार आपली मारुती आठशे घेऊन आला. तोफखान्यातून रिटायर, गावाकडं ऊस, आणि फौजेत असताना घेतलेली ही पांढरी गाडी. कोयनानगरला मेव्हणीकडं जाताना ती चढाला धापा टाकायची आणि सुभेदाराची बायको, लीलाबाई, खाली उतरून चालायची. वरच्या वळणावर पोचून ती गाडीची वाट बघत बसायची.

"गाडी न्हाई, मी रणगाडा घेऊन आलोय म्हनून समज," सुभेदार म्हणाला. "हिला टर्बो बसव, गड्या."

"त्यापरीस नवी घ्या की."

"हिला इकायची न्हाई. हिच्यातनं पोरगी सासरला गेलीया. आरटीओची परवानगी बी आनलीया, हे बघ."

सुभेदार गेल्यावर सलिमानं दारात उभं राहून छाती फुगवली, मिशीला पीळ दिला, आणि "हिला टर्बो बसव, गड्या" हे इतकं हुबेहूब म्हणाली की सिकंदरनं दचकून रस्त्याकडं बघितलं. गिऱ्हाइकांचे आवाज काढणं हा तिचा जुना नाद. तिच्याकडून कुणी सुटायचं नाही.

सांगलीच्या भंगारबाजारातून एका अपघाती गाडीचं छोटं टर्बो इंजिन आलं, गिअरबॉक्स आणि वायरिंगसकट. आठशेच्या नाकात ते बसेना. सिकंदरनं पट्ट्या कापल्या, नव्या ब्रॅकेटी जोडल्या, रेडिएटर बदलला. ब्रेकही मोठे घातले. सुभेदार म्हणाला, "ब्रेकाचं कुठं बोललो व्हतो?" तर सिकंदर म्हणाला, "तुमी न्हाई बोलला. घाट बोलला." दीड महिना गेला.

गाडी चालू केली त्या दिवशी लीलाबाई दोन्ही कानांवर हात ठेवून मागं सरली. "अगं बया! शिट्टी वाजतीया की हिच्यात!"

"वाजनारच! टर्बो हाय ती," सुभेदार खूश होऊन म्हणाला. "काय गोड वाजतीया. व्हय का न्हाई रं, सिकंदर?"

सिकंदरनं स्क्रूड्रायव्हर लावला. खालची घरघर आली, पंख्याचा वारा आला. शिट्टी नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर गाणाऱ्याचं नुसतं तोंड हलावं, तसं ते इंजिन त्याच्यापुढं थरथरत होतं.

"लय गोड," तो म्हणाला.

चार दिवसांनी दोघं परत आली. वळणावर गाडी एकदम सुस्त पडत होती.

"परवापातुर कुकरवानी वाजायची," लीलाबाई म्हणाली. "आता मांजराच्या पिल्लावानी रडतीया. हे तर म्हनत्यात, तसंच वाजतंय."

"तसंच वाजतंय की," सुभेदार म्हणाला.

सिकंदरनं सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला. एक तर हवेचा पाईप फाटलेला असेल, म्हणजे किरकोळ. नाही तर टर्बोच्या पंख्याचा दांडा जात असेल, आणि तो घाटात तुटला तर ऐन वळणावर इंजिन बसेल. दोन्हीचा फरक त्या बारीक आवाजातच होता. खोलून पाईप फाटका निघाला, तरी दांडा धड आहे की नाही हे त्या आवाजावरूनच कळणार होतं. "काय न्हाई, नवीन हाय, बसंल आपोआप," हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. एवढं म्हटलं की कान आणि गॅरेज दोन्ही शाबूत.

लीलाबाई पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. मांडीवर मेव्हणीकडं न्यायचा डबा.

सिकंदरनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सुभेदार, मला ती शिट्टी ऐकू येत न्हाई."

"म्हंजे?"

"पयल्या दिवसापासनं न्हाई. खोटं बोललो मी."

चहाचे कप घेऊन आलेली सलिमा दारातच थांबली. घरात दोघांची बोली दखनी. ती हळूच म्हणाली, "तुमना सुनाई नै देता?"

मग सुभेदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बायकोची नजर चुकवत म्हणाला, "मग मी एकटाच न्हाई म्हना की."

"आं?" लीलाबाई दार उघडून खालीच उतरली. "आवं, मग चार दिस 'काय गोड वाजतीया, काय गोड वाजतीया' कुनाचं चाललं व्हतं?"

"अठ्ठावीस वर्सं तोफांशेजारी काढल्यात, लीला. तू म्हनालीस वाजतीया, म्हनून म्हनलं वाजत आसंल."

सलिमाला हसू आवरेना. हातातला चहा बशीत सांडला. सिकंदरनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चल. पुढं बस."

लीलाबाई डब्यासकट गॅरेजात थांबली. गाडी चढाला लागली. सुभेदार चालवत होता, सिकंदर मागं वाकून बसला होता, आणि सलिमा कान देऊन ऐकत होती. जे ऐकू येईल ते ती आपल्या आवाजात काढायला लागली. आधी तिनं ते जसंच्या तसं काढलं, तर मागून आवाज आला, "न्हाई येत." मग तिनं तीच शिट्टी खाली आणली, म्हशीच्या रेकण्याइतकी खाली. "हूंऽऽऽ... हूंऽऽ... भोंऽ."

"भोंऽ कवा? पाय दाबल्यावर का सोडल्यावर?"

"दाबल्यावर. सोडलं की गप."

"त्यात खरखर हाय का? दातावर दात घासल्यागत?"

सलिमानं डोळे मिटले. "न्हाई. नुसती हवा पळतीया."

"थांबवा गाडी," सिकंदर म्हणाला. "दांडा चांगला हाय."

बॉनेट उघडून त्यानं हवेच्या पाईपाखाली बोट फिरवलं. खालून पाईप बोटभर कापला गेला होता. त्याच्याच हातानं कापलेल्या ब्रॅकेटीची धार तिथं घासत होती. कानस मारायची राहिली होती.

"माझी चूक, सुभेदार. पयल्याच दिवशी घासल्याली कानाला कळली आसती. पूर्वी."

सुभेदारानं वाकून ती धार बघितली. "कानस मार आनि नवा पाईप घाल," एवढंच म्हणाला.

ही गोष्ट पाटणात दोन दिवसांत फिरली. दोन-तीन ट्रकवाले पुढच्या गॅरेजात जाऊ लागले. बाकीचे अजून येतात. जाड आवाजाला सिकंदर अजून स्क्रूड्रायव्हर लावतो. बारीक काही असेल तर घराकडं तोंड करून हाक मारतो. सलिमा हात पुसत येते, ऐकते आणि खालच्या आवाजात काढून दाखवते. नवीन गिऱ्हाईक आधी हसतं. मग पैसे काढतं.

परवा दुपारी ती पायरीवर लसूण सोलत होती. समोरून पांढरी आठशे कोयनेकडं चढत गेली. पुढच्या सीटवरून लीलाबाईनं हात केला. सिकंदर चाकाचे नट आवळत होता. त्यानं वर बघितलं नाही, नुसता हात थांबवला.

"हूंऽऽऽऽ," सलिमा म्हणाली, एकसुरी, वळणापर्यंत.

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि पुढचा नट आवळायला घेतला.