सुनंदावहिनींच्या पुडिंगचा घोळ

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से! चिंध्या मी दिवाळीच्या आधी पोत्यात भरून बाहेर काढते. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही.

निमगाव केतकीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुपारची जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका येऊन बसतात. ब्लाऊज टाकायला एखादीच येते, बाकीच्या नुसत्या बोलायला. सगळं सांगत बसले तर मशीन बंद ठेवावं लागेल. म्हणून फक्त एका पुडिंगचे किस्से सांगते. खाली काळ्या बिस्किटांचा चुरा, वर क्रीम, परत चुरा, परत क्रीम, आणि मग फ्रीज. झालं! एवढ्याशा गोष्टीत चांगली शहाणीसुरती माणसं किती गोंधळू शकतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

* * *

सुरुवात केली सुनंदावहिनींनी. त्यांच्या घरी चार म्हशी, थोडा ऊस आणि एक नवी सून. सून पुण्याची, पूजा नावाची. घरूनच लॅपटॉपवर काम करते. पोरगी गुणाची, पण लग्नाला वर्ष होत आलं तरी तिच्या तोंडात शब्द एकच. "चालेल."

"चहा टाकू का गं?"

"चालेल."

"भाजी तिखट झाली का?"

"चालेल."

"माहेरी जाऊन येतीस का चार दिवस?"

"चालेल."

"आगं पन पाव्हणं येनार हायती. मग पुढच्या महिन्यात जा."

"चालेल!"

वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. माझ्या दुकानात बसून म्हणाल्या, "मंगल, पोरगी पाव्हणीवानी राहती गं. हसत न्हाय, रुसत न्हाय, काय मागत न्हाय. पाव्हणी काय, आज ना उद्या उठून जाती. मला लय भ्या वाटतं." हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी हातातली कात्री खाली ठेवली.

मग त्यांच्या मुलाकडून, प्रशांतकडून, कळलं की पूजाला बिस्किटाचं पुडिंग फार आवडतं. दर वाढदिवसाला तिची आई करायची. वाढदिवस महिन्यावर आलेला. वहिनींनी ठरवलं की यंदा आपण करायचं, आणि पूजाला आधी कळू द्यायचं नाही.

शिकवायला कोण? तर मी! का? तर मी बारामतीची! बारामतीच्या माणसाला सगळं येतं, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. खरं सांगायचं तर मी आयुष्यात ते पुडिंग केलं नव्हतं. पण वहिनींचा चेहरा बघून नाही म्हणवेना. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि झाले मास्तरीण.

* * *

पहिला धडा माझ्या स्वयंपाकघरात झाला. न बोलावता तारामावशीही आल्या. मावशी म्हणजे गल्लीतल्या लग्नाकार्यातल्या स्वयंपाकाचा शेवटचा शब्द. पंगत कितीही मोठी असो, मीठ त्याच घालणार.

मी बिस्किटं कुटली, बटर कालवलं, क्रीम फेटलं, थर दिले, डबा फ्रीजमध्ये ठेवला. हात धुतले. मावशी पदर सावरून तशाच बसलेल्या.

"आता?"

"आता काय, झालं."

"काय झालं?"

"पुडिंग."

मावशींनी शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गॅस कवा लावला?"

"लावायचाच नसतो मावशी."

"शिजवायचं न्हाय, तळायचं न्हाय, भाजायचं बी न्हाय," मावशी एकेक बोट मुडपत म्हणाल्या. "मग आपुन हितं एवढा येळ केलं काय?"

खरंच, काय केलं? व्हिडिओतल्या बाईनंही ते सांगितलं नव्हतं.

जाताना मावशींनी वहिनींना कोपऱ्यात घेतलं. "घरी नेल्यावर एक उकळी दे. कच्चं हाय, पोटाला बाधंल."

वहिनींनी दिली!

* * *

मी वहिनींना म्हटलं, इंदापूरला जाणार असाल तर क्रीमचं पाकीट आणा. वहिनींना ते भलतंच लागलं.

"दारात चार म्हशी आन् साय इकत आनू? लोकं त्वांडात श्यान घालतील!"

त्यांनी सात-आठ दिवसांची साय साठवली. मी सांगून ठेवलं होतं, फुगेपर्यंत फेटायचं. वहिनी आज्ञाधारक. साय काही फुगेना आणि वहिनी काही थांबेनात. संध्याकाळी फोन आला.

"मंगल, क्रीमचा गोळा झाला गं. खाली ताक सुटलंय. आता बिस्किटं लोन्यात घालू का ताकात?"

मी व्हिडिओ पहिल्यापासून परत बघितला. त्यात ताक कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बरणीभर रवाळ तूप माझ्या घरी आलं. "टाकून कसं देनार? कढवलं," वहिनी म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा बरणी. शेवटी असं झालं की सुनंदाकाकींनी पुडिंग केलंय म्हटलं की माझा मुलगा गरम भात घेऊन बसायचा.

* * *

एकदा साय नीट फुगली, तर ऐन वेळी लाईट गेली. मिक्सर बंद. वहिनींनी बिस्किटं पाट्यावर घेतली आणि वरवंट्यानं अशी बारीक केली की मैद्यानं लाजावं. त्याच पाट्यावर सकाळी ठेचा वाटला होता. "दोन पान्यानं धुतलाय की," त्या म्हणाल्या.

दुपारी डबा दुकानात आला. सगळ्यांनी एकेक चमचा घेतला. आधी गार लागलं, मग गोड लागलं, आणि मग कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. प्रत्येकीला वाटलं, शहरातला पदार्थ, असाच असेल! मी मास्तरीण, मी तर तोंड उघडूच शकत नव्हते. सगळ्या एकमेकींकडे बघत, नाक ओढत, चमचे चाटत बसलो.

तारामावशींनी वाटी पुढे केली. "अजून घाल. आता कुठं चव आली बघ!"

* * *

वहिनींचे मालक म्हणजे तात्या. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, घरातही तेच नाव. पूजा वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामात असायची, तेव्हा खाली तात्यांवर प्रयोग चालायचे.

तात्यांनी वरचं पांढरं क्रीम मन लावून खाल्लं. आयुष्यभर बासुंदी खाल्लेला माणूस! "बेस हाय," म्हणाले. मग चमचा खाली गेला आणि काळा थर लागला. तात्यांनी चमचा ठेवला, डबा वाकडा करून उजेडात धरला, वास घेतला.

"करपलं की गं बुडाला!"

वहिनी चरकल्या. गॅस लावलाच नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तात्यांना खाण्यातलं कळतं हेही तितकंच पक्कं. डबा पदराखाली धरून त्या उन्हातान्हात माझ्याकडे आल्या. आत आल्यावर दार लोटलं आणि हळूच विचारलं, "मंगल, गॅस न लावता करपतं का गं?"

मी नाही म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीसुद्धा एकदा डब्याचं बूड बाहेरून तपासलं. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

* * *

आणखी एकदा वहिनींचा फ्रीज बंद पडला. पुडिंग तर रात्रभर गार राहायला हवं. गावातल्या दूध केंद्रावर मोठा कूलर आहे, त्याला जनरेटरही आहे. पहाटे दूध घालायला जाताना वहिनींनी पुडिंगचा डबा बरोबर नेला. विचार असा की जरा वेळ तिथं ठेवून घेऊ.

केंद्रावरचे भाऊसाहेब झोपाळू डोळ्यांनी माप घेत होते. समोर येईल त्या भांड्यातून थोडा नमुना काढायचा आणि फॅटच्या मशीनला लावायचा, ही हाताला लागलेली सवय. वहिनींच्या डब्यातलं क्रीम उकाड्यानं पातळ झालं होतं. वहिनी दुधाची किटली टेकवतायत तोवर भाऊसाहेबांनी तेच मशीनला लावलं!

मशीन घरघरलं. भाऊसाहेबांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि भर रांगेत ओरडले, "अवो सुनंदाबाई, म्हशीला घालताय तरी काय?"

सगळी रांग वळली. जो तो विचारायला लागला. "काय घालता? कुठनं आनता? आमाला बी सांगा की!" पुडिंग म्हणावं तर गुपित फुटणार, दुपारपर्यंत पूजाच्या कानावर जाणार. वहिनी जे तोंडात आलं ते बोलून गेल्या.

"सरकी पेंड!"

संध्याकाळपर्यंत गावातल्या दुकानातली सरकी पेंड संपली.

* * *

वाढदिवसाला मात्र सगळं सरळ झालं. वहिनींनी हट्ट सोडला, इंदापूरहून क्रीमचं पाकीट आलं, मिक्सर चालला, फ्रीज दुरुस्त होऊन आला. पुडिंग कापून बघितलं तर थर अगदी व्हिडिओतल्यासारखे. मी आणि तारामावशी मुद्दाम गेलो होतो.

पूजानं एक चमचा खाल्ला. मग दुसरा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तात्याही टोपी काढून उभे!

"कसं झालंय गं?" वहिनींनी विचारलं.

"छान आहे आई," पूजा म्हणाली. "इतकं कशाला केलंत? साधा शिरापण चालला असता."

वहिनी हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला तो मला दिसला. उरलेला डबा त्यांनी गुपचूप फ्रीजमध्ये ठेवला. मला पोचवायला दारापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे मंगल. तिचा सोभावच तसा आसंल." त्या रात्री मला वाईट वाटलं. महिनाभराचा खटाटोप, आणि पाहुणी ती पाहुणीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोच वहिनी समोर! केस विस्कटलेले, हातात साखरेची वाटी, डोळे भरलेले आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. मी समजायचं ते समजले. तेवढ्यात तारामावशी लगबगीनं आल्या, त्यांच्याही हातावर साखर पडली. त्यांनीही तेच समजून घेतलं.

"आगं बया! कितवा म्हयना?"

"कसला म्हयना?" वहिनी म्हणाल्या. "मावशी, काल उरलेलं पुडिंग आमच्या मालकांनी सकाळी उठून समदं खाल्लं. पूजा आली, फ्रीज उघडला, आन् डबा रिकामा! आशी कडाडली म्हनता! 'तात्या, माझा डबा होता तो! मला न विचारता हात लावलाच कसा? आणि आई, तुम्ही त्यांना अडवलं का नाहीत?' डबा आपटला. मालक टोपी घेऊन म्हशीकडं पळालं. मला म्हनली, आज मी स्वयंपाक करणार नाही, मी रुसलेय!"

मावशींच्या हातावरची साखर तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"सुनंदे," मावशी सावकाश म्हणाल्या, "सून घरात भांडली, म्हनून तू साखर वाटतीस?"

"व्हय!" वहिनी म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, आणखी एक चिमूट मावशींच्या हातावर ठेवली आणि पुढच्या घराची कडी वाजवली.