दोघांची एक चटई

इसरारभाईंचा उजवा हात फडक्यात गुंडाळून त्यांना रिक्षात बसवलं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. लख्ख उजेडात, चालू लूममध्ये त्यांनी हात घातला होता. तुटलेला धागा जोडायचा तर आधी लूम बंद करायची, हे कारागीर पहिल्या दिवशीच शिकतो. इसरारभाई अकरा वर्षांपासूनचे कारागीर. रिक्षात ते एकदाच बोलले, "आँख लग गई थी, पाटीलभाई."

मी नारपोलीतल्या एका पॉवरलूम कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे शिफ्ट बारा तासांची. आठला एक गडी उतरतो, दुसरा चढतो, लूम चालूच. सहा लूमला दोन कारागीर, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. त्यांना जोडीदार म्हणतात. शुक्रवारी सुट्टी झाली की जोडीदार आपसात पाळी बदलतात. या आठवड्यात तू रात्री, पुढच्या आठवड्यात मी. यात सुपरवायझरला कोणी विचारत नाही, फक्त कळवतात. मला हे कायम खुपायचं. रोस्टर मी बनवायचा आणि ठरवायचे हे लोक!

इसरारभाईंचा जोडीदार रामधनी. दोघंही उत्तर प्रदेशातले, दोघंही चाळिशी ओलांडलेले. अकरा वर्षं त्याच सहा लूमवर.

मागच्या वर्षी कारखान्यात तपासणीचा कॅम्प झाला. इसरारभाईंना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला झोपेची वेळ बदलली की शरीर गोंधळतं, एकच पाळी ठेवता आली तर बघा. मला तेच हवं होतं. मी स्वतः रात्री दहाला आडवा होतो आणि पाचला उठतो, वर्षानुवर्षं. सगळ्यांना असंच झोपायला मिळावं असं मनापासून वाटलं. हेतू चांगला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

मी एकेका कारागिराला बोलावून विचारलं, "कौनसी पाली चाहिए? दिन या रात?" दिवस नको असं कोण म्हणेल? मग मी जुन्या लोकांना कायमची दिवसपाळी दिली आणि रात्रीला नवे भरले. इसरारभाई दिवसाला, रामधनीही दिवसाला. जोड्या अर्थातच मोडल्या.

शेठना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पाटील, लोकं आपसात जमवून घेतात ना? तक्रार आहे का कोणाची?"

"तक्रार नाही शेठ. पण तब्येतीला वाईट आहे."

"मग तू आणि तुझी तब्येत. माझी लूम थांबता कामा नये."

लूम थांबली नाही. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात इसरारभाई जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले. डोळे लाल होते.

"भाई, हमको रात में डाल दो वापस."

"का? काय झालं?"

"रात में नींद नहीं होती."

"इतकी वर्षं उलटसुलट झोपलात. सवय व्हायला वेळ लागणारच. चहा कमी करा, मोबाइल लांब ठेवा. महिनाभर बघा."

त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. पण माझा डबा उघडा होता आणि मी स्वतःच्या शहाणपणावर खूश होतो. ते "ठीक है" म्हणाले आणि गेले.

आमचा जॉबर दत्ता, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, माझ्याच गावचा, कोनचा. त्यानेही हटकलं. "भाऊ, त्या इसरारचे डोले बघा. मानूस उभ्या उभ्या झोपतो हाय."

"होईल सवय," मी म्हटलं. पुढच्या मंगळवारी अपघात झाला.

तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापासून गेलं. दुपारी पट्टी बांधून त्यांना खोलीवर सोडायला गेलो. एवढ्या वर्षांत कारागिरांच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. जेमतेम दहा बाय बाराची खोली. सहा चटया एकमेकींना चिकटून, पाचांवर दुसऱ्या कारखान्यांतला रात्रपाळीचा एकेक माणूस झोपलेला, सहावी रिकामी. एकाने उठून इसरारभाईंना त्या रिकाम्या चटईवर निजवलं. खोलीत राहणारे होते बारा.

तिथे सगळा उलगडा झाला. जोडीदारांच्या लूम त्याच, तशी चटईही एकच. एक उठून कामाला जातो, दुसरा येऊन त्याच चटईवर पडतो. शुक्रवारी पाळी उलटली की चटईची वेळही उलटते. बारा माणसं, सहा चटया, अकरा वर्षं कोणाचं काही अडलं नाही. मी दोघांनाही दिवस दिला आणि रात्री एका चटईवर दोन मालक आले. दोघांनी रात्रच वाटून घेतली होती. रामधनी साडेनऊ ते दीड, इसरारभाई दीड ते साडेपाच. आपली वेळ येईपर्यंत इसरारभाई बाहेर ओट्यावर बसून असायचे. पहाटे दारात पाण्याचा टँकर आला की उरलेली झोपही मोडायची.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

इसरारभाई रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आपने पाली पूछी थी, भाई. चटाई तो नहीं पूछी."

त्या शुक्रवारी मी रोस्टर फाडला आणि जोड्या परत लावल्या. रामधनीला नवा जोडीदार मिळाला. इसरारभाईंना नाही मिळाला. धाग्याची गाठ अंगठा आणि तर्जनीत मारतात, गाठ येत नसेल तर लूमवर उभं राहून उपयोग नाही. मी शेठकडे त्यांच्यासाठी दुसरं काम मागितलं, शेठनी कापड तपासायच्या टेबलावर बसवलंही. महिनाभर केलं त्यांनी. मग एका सकाळी पिशवी घेऊन, गावी निघालो म्हणत निरोप घ्यायला आले. माझ्या मुलांची चौकशी केली आणि गेले. माफी मागायची म्हणून मी चार दिवस वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "गाडी कितीची आहे?"

आता नवा कारागीर आला की मी पाळीआधी विचारतो, झोपतोस कुठे, आणि तिथे तुझ्याबरोबर कोण. माणसं चमकतात. शेठ म्हणतात, पाटील, हॉस्टेल काढलंस का? मी ऐकून घेतो आणि उत्तर लिहून ठेवतो. माणसाच्या कामाची वेळ बदलण्याआधी त्याचं अंथरूण बघून यावं, एवढंच या नोकरीत शिकलो. शिकलो मी, किंमत मोजली त्यांनी.

ईदला त्यांना फोन करतो. मागच्या वेळी विचारलं, शुगर कशी आहे, झोप लागते का?

"नींद बहुत है भाई," ते म्हणाले. "काम ही नहीं है, तो दिनभर सोते हैं."