सुलभाचा बसायचा तास

रविवार होता. गॅसवर तुरीच्या शेंगा उकडत होत्या आणि मी मोबाइल कानाला लावून सुलभाच्या भाच्याला झापत होते, की सकाळी सकाळी ही कसली थट्टा... कारण आदल्याच दिवशी, शनिवारची शाळा सुटल्यावर, आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून देऊळघाटहून बुलढाण्याला आलो होतो. माझ्या दारात गाडी उभी करून तिनं माझ्या सुनेच्या मेथीच्या लाडवांची यथेच्छ निंदा केली होती आणि जाताना दोन लाडू पर्समध्ये टाकूनही नेले होते. अशी बाई दुसऱ्या दिवशी नसते का कुठं! पण भाचा फोनवर रडायला लागला तेव्हा कळलं, ही थट्टा नव्हती. झोपेतच हृदय थांबलं होतं तिचं. शेंगांतलं पाणी आटून त्या करपल्या, ते घरातल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

तिला नेल्यावर आम्ही बायका अंगणात बसलो होतो. तिच्या नात्यातल्या एका बाईनं उसासा टाकला, "एवढा योगा करे माय, तरी गेली." अशा वेळी गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. म्हटलं, योग केला की माणूस मरत नाही, असं तिनं कधी कोणाला सांगितलं होतं का हो? बाई वरमली. सुलभा शेजारी असती तर तिनं मला कोपरानं ढोसलं असतं आणि घरी जाताना सुनावलं असतं, की मंदे, तुह्या जिभेले काही हाड नाही. आज तिला जाऊन काही आठवडे झालेत, आणि मी अजून कोपराची वाट पाहते.

आम्ही दोघी एकाच शाळेत, ती मराठीला आणि मी गणिताला. कुठल्याशा प्रशिक्षणाहून ती परतली ती डोक्यात खूळ घेऊनच. पहिल्या तासाआधी मुलांना थोडा वेळ शांत बसवायचं, अंग मोकळं करणारी सोपी आसनं, श्वास, मन एका जागी आणणं, असं काय काय. मी म्हटलं, जी पोट्टी घडीभर बूड टेकवत नाहीत त्यांना तू डोळे मिटून बसवणार? धन्य आहे बाप्पा तुझी. पण तिनं हेडसरांकडून मागची खोली मागून घेतली, मोडके बाक बाहेर काढले, झाडून-पुसून सतरंजी अंथरली, आणि दुसऱ्याच दिवशी पोरं घेऊन बसली. मुलांनी त्याला आपणच नाव पाडलं, बसायचा तास.

सुरुवातीलाच एक फजिती झाली. भ्रामरी म्हणून एक प्रकार असतो, त्यात तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. खोलीभर पोरं गुणगुणायला लागली. शाळेच्या कडूनिंबावर आधीच्या वर्षी आग्या मोहोळ बसलं होतं आणि त्यानं अर्ध्या गावाला फोडून काढलं होतं. शेजारच्या वावरातल्या लोकांना वाटलं, मोहोळ पुन्हा उठलं! चार-पाच जण डोक्यावरून घोंगड्या पांघरून धावत आले, येताना पऱ्हाटीचा भारा घेऊन आले, आणि कोणाला काही विचारण्याआधी त्यांनी खिडकीखाली कापसाच्या त्या वाळक्या काड्यांचा जाळ केला. धुरानं पोरं खोकून खोकून बेजार. सुलभा मात्र डोळे पुसत पुसत हसत बाहेर आली आणि त्या घोंगडीवाल्यांना चहा पाजूनच तिनं परत धाडलं. त्यानंतर गावात कोणाला तो तास काय असतो हे समजावून सांगावं लागलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच आईबापांबरोबर वावरात जाऊन आलेली पोरं त्या तासाला चक्क घोरायची. मी दारातून पाहिलं की माझा पारा चढायचा. ती म्हणायची, निजू दे वं, याले दुसरं कोन निजू देते? आणि खरं सांगायचं तर तीच पोरं नंतर माझ्या तासाला डोळे उघडे ठेवून अपूर्णांक करायची. हे मी तिला कधी कबूल केलं नाही. केलं असतं तर तिनं मला वर्षभर छळलं असतं.

मुस्कान तेव्हा सहावीत होती. तिचे वडील रज्जाकभाई पिंजारी, देऊळघाटच्याच बसस्टँडजवळ गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान. पोरीनं मराठी शाळेत शिकावं ही तिच्या आईची हौस होती. त्या आईला दमा होता. एकदा रात्रभर धाप थांबेना म्हणून सकाळी ऑटोत घालून दवाखान्यात निघाले, आणि वाटेतच तिचा श्वास संपला. तिचं डोकं तेव्हा मुस्कानच्या मांडीवर होतं. त्यानंतर पोरगी वर्गात बसली की मधेच तिचे ओठ पांढरे पडायचे, छाती धपापायला लागायची आणि ती दाराकडे पळायची. डॉक्टरांनी तपासलं, छातीत काही दोष नाही म्हणाले. रज्जाकभाई तिला सैलानीच्या दर्ग्यालाही नेऊन आले. फरक पडेना.

सुलभाला वाटलं, आपला तास अशाच लेकरांसाठी तर आहे. तिनं मुस्कानला अगदी पुढे बसवलं आणि सगळ्यांना सांगायची तेच सांगितलं, डोळे मिटा, श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, नुसतं त्याच्याकडे पाहा... काही वेळ पोरगी बसली. मग किंचाळून उठली आणि पळता पळता दाराच्या चौकटीवर आदळली. कपाळ फुटलं. दुपारी रज्जाकभाई आले. हा माणूस एरवी कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही, पण त्या दिवशी सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा ओरडला. "माह्या पोरीले काय करून राह्यले तुम्ही? हे योगा-बिगा आमच्यात पाह्यजेच कायले? आता घरीच राहीन ते." असं म्हणून त्यांनी तिचं दप्तर उचललं. हेडसर बाकीच्या मुलांना कसा फायदा झाला ते सांगायला लागले, मीही त्यांची री ओढली. सुलभा मुस्कानच्या मागोमाग फाटकापर्यंत चालत गेली.

परतताना घाटाच्या अलीकडे तिनं स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून मैलाच्या दगडावर जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं वं? ती म्हणाली, "मंदे, जिच्या मायचा श्वास तिच्या मांडीवर बंद पडला, तिले मी म्हनलं, श्वासाकडे पाह्य. काय केलं वं मी हे?" तिच्या पाठीवरून हात फिरवत मी उभी राहिले, आणि ऊन कलल्यावर आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट दुकानात. मी मागे होतेच. ती म्हणाली, "रज्जाकभाई, चूक पोरीची नाही, योगाचीबी नाही. माही हाय. मले अगोदर समजाले पाह्यजे होतं." रज्जाकभाई भांडायच्या तयारीत होते, पण भांडायला समोर कोणी उरलंच नाही. त्यांनी पायानं एक पोतं तिच्याकडे सरकवलं, बसायला. आत मुस्कान कपाळाला पट्टी लावून काम करत होती. जुन्या गादीतल्या कापसाचे दाबून गोळे होतात. पिंजायच्या आधी ते हातानं सोडवावे लागतात. ते काम पोरगी अगदी शांतपणे करत होती, आणि सुलभाच्या लक्षात आलं की इतका वेळ झाला तरी हिला धाप नाही. ती पोत्यावर बसली, एक गोळा उचलला आणि सोडवायला लागली.

मग रोजचंच झालं ते. शाळा सुटली की ही पिंजाऱ्याच्या दुकानात. मी बाहेर स्कूटीवर बसून कुढायची. एकदा न राहवून म्हटलं, नोकरी सोडून गाद्या भरायचा विचार आहे का? ती आतून म्हणाली, ये न, बस इथं, तुह्या डोक्यातलेबी गोळे सुटतीन. शेवटी मी बसलेच. तिथं काय चालायचं म्हणाल तर काहीच नाही. मधेच ती मुस्कानला विचारायची, हा कापूस हाताला कसा लागते? गार की कोमट? सरकीचा कण कुठं टोचते? मुस्कान बोटांकडे पाहून सांगायची. पाय जमिनीला टेकलेत का, बाहेर कोणता आवाज येतो, असंही विचारायची. तिच्या प्रशिक्षणात ज्यावर दिवसभर भाषणं झाली होती ते मन एका जागी आणणं हेच होतं, हे मला तिथं पोत्यावर बसून कळलं.

एका संध्याकाळी मुस्काननंच विचारलं, शाळेत असंच बसता येईल का, डोळे उघडे ठेवून? सुलभानं उत्तर देण्याआधी रज्जाकभाईंकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, कापूस मी आनून देतो. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पिंजलेल्या कापसाचं पोतं खांद्यावर घेऊन ते शाळेच्या फाटकात उभे होते. तेव्हापासून मागच्या खोलीचं दार कधी लागलं नाही. डोळे मिटायचे की नाही, श्वासाकडे पाहायचं की हातातल्या कापसाच्या पुंजक्याकडे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मुस्कानची धाप एकदम गेली असं नाही. पण आली तर काय करायचं हे तिला कळायला लागलं, आणि तिनं शाळा सोडली नाही. बऱ्याच महिन्यांनी एकदा तिनं आपण होऊन डोळे मिटले. सुलभा स्टाफरूममध्ये आली, माझा हात घट्ट धरून उभी राहिली, आणि आम्ही दोघी येड्यासारख्या रडलो.

माझ्यावर तिचे उपकार आहेत, हे इथं सरळ लिहूनच टाकते. उत्तर न देणारं पोर मला उद्धट वाटायचं. आता मी आधी त्याच्या ओठांचा रंग पाहते. फळ्याकडे वळण्याआधी क्षणभर थांबते. माझा रक्तदाब उतरला तो गोळ्यांनी असं डॉक्टर म्हणतात, म्हणोत बिचारे.

त्या रविवारी, अंगणातून उठून घरी आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच भीती होती... मुस्कान. आता ती नववीत होती, पण पुन्हा एक जिवाभावाची बाई अशी न सांगता गेलेली. संध्याकाळी रज्जाकभाईंचा फोन आला. "मॅडम, पोरगी सकाळपासून बोलून नाही राह्यली. जेवलीबी नाही. उद्या शाळेत धाडू का नोको?" तिच्या मनानं घेऊ द्या, एवढंच मी म्हणाले.

सोमवारी हेडसर म्हणाले, आजचा बसायचा तास तुम्ही घ्या. मी मागच्या खोलीत गेले तर घंटा व्हायच्या आधीच पोरं येऊन बसली होती. पाचवी-सहावीची लहान पोरं एकमेकांना चिकटून बसलेली, भेदरलेली, हुंदका आला तरी गिळणारी. मी समोर उभी राहिले आणि कापसाचं पोतं सोडायला लागले. तेवढ्यात मुस्कान दारात आली. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले, एक हात चौकटीवर. माझी नजर तिच्या ओठांवर. मी मनात म्हणत होते, पळू नको माय, पळू नको... ती थोडा वेळ तिथंच थांबली. मग आत आली, त्या लहान पोरांच्या पुढ्यात त्यांच्याकडे तोंड करून मांडी घालून बसली, आणि हळूच म्हणाली, "बाई गेल्या. ज्याले रडू येते त्यानं रडून घ्या, कोनी हासनार नाही. मंग बसू."

खोलीत पहिला हुंदका फुटला तो माझा.