आटे जुळले तरी

बाबा आमच्या भिलाईच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आले ते नात बघायला. मी जातीबाहेर, प्लांटमधल्या टर्नरशी लग्न केलं तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. गोंदियाहून रेल्वेच्या पासावर आले, बाळाला मांडीवर घेतलं आणि दुपारच्या गाडीनं निघाले. सुंभ जळला तरी पीळ काही जळला नव्हता. जावयाशी एक अक्षर नाही. पाणीसुद्धा भिंतीकडे बघून मागत होते.

तेवढ्या वेळात नवऱ्यानं भराभर फोटो काढून घेतले. त्याचा कॅमेरा जुना, रशियन, आणि त्याची मूळची लेन्स पडून तडकलेली. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरनं त्याला आपली नवी लेन्स देऊन टाकली होती. आट्यांत आटे बसले, ती फिरून घट्ट झाली. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. दुर्गच्या स्टुडिओतून फोटो येईपर्यंत मला चैन नव्हतं. दारापर्यंत जायचं, परत यायचं, चुलीवर चहा ठेवायचा आणि विसरायचा. आणि आलं काय, तर नुसतं धुकं. बाबा कोणते आणि बाळ कोणतं, तेही कळेना. मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. बाबा पुन्हा येतील याची कोण हमी देणार होतं?

तो ऐकून घेत लेन्स उलटसुलट करत बसला. ती निघाली आत आरसा असलेल्या, लेन्समधूनच बघायच्या नव्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली. आटे तेच, पण तिला फिल्मपासून जास्त लांब बसावं लागतं. आमच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सहून वेगळी असल्यामुळे आम्हाला ती चूक दिसलीच नव्हती. त्यानं प्लांटच्या शॉपमध्ये लेथवर एक रिंग कातली आणि मध्ये घातली. फोटो स्वच्छ येऊ लागले. मात्र खिडकीतून फोकस कळत नसल्यामुळे समोरच्या माणसाचं अंतर आता टेपनं मोजावं लागे.

हिवाळ्यात बाबा आले. आल्या आल्या त्यांनी परतीच्या गाडीची वेळ सांगितली आणि माझा जीव टांगणीला लागला. धड जेवूही न देता मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, बाळ मांडीवर दिलं. नवऱ्यानं टेपचं एक टोक कॅमेऱ्याशी धरलं आणि दुसरं बाबांच्या डोळ्यापाशी धरायला मला सांगितलं. लग्नानंतर बाबांनी मला पायासुद्धा पडू दिलं नव्हतं. माझी बोटं त्यांच्या गालाला लागली. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

मोजून झालं, बाजूला हो, असं नवरा म्हणाला. मी सरकले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"काहून जाऊन राहिली?" मग ते समोर बघून म्हणाले, "जावईबापू, इलेबी घ्या न फोटूत."

नवऱ्यानं मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.